१४ लाखांची ऑर्डर आणि सेटमागे ८० रुपये: बाहेरच्या भांडवलाशिवाय हार्डवेअरचा धंदा वाढवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या दोन इंजिनिअर मित्रांनी विहिरीवरचा पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा सेट बनवला आहे. वर्षभरात त्यांनी १४० सेट थेट शेतकऱ्यांना विकले. किंमत ३,६०० रुपये, जीएसटी वेगळा. पार्ट्सचा खर्च २,१००. आता नाशिकचा एक डीलर ५०० सेट मागतोय, २० टक्के मार्जिनवर आणि ६० दिवसांच्या उधारीवर. दोघांकडे मिळून ६ लाख आहेत. एक गुंतवणूकदार २० टक्के हिश्श्याच्या बदल्यात दीड कोटी द्यायला तयार आहे. हिस्सा द्यायची इच्छा नाही, तर ५०० सेटसाठी पैसे कुठून उभे करायचे?

मी भोसरीत पंप-संरक्षणाची पॅनेल आणि टाकीचे लेव्हल कंट्रोलर बनवणारं छोटं युनिट बरीच वर्षं चालवतो. बाहेरचा भागीदार कधी घेतला नाही, बँकेचं कर्ज घेतलं आणि फेडलं. तुमचा प्रश्न मला ओळखीचा आहे, पण तो तुम्ही चुकीच्या टोकाकडून विचारलाय असं वाटतं. पैसे आणायचे कुठून, हे नंतर बघू. घातलेला रुपया किती दिवस अडकून राहतो आणि परत येताना सोबत किती घेऊन येतो, हे आधी बघायला हवं. हार्डवेअरमध्ये विक्री वाढली की पैसा आधी बाहेर जातो. म्हणून ऑर्डर नसताना जितक्या कंपन्या बंद पडतात, तितक्याच ऑर्डर भरपूर असताना बंद पडलेल्या मी एमआयडीसीत पाहिल्या आहेत.

आधी तुमचा सेट खरोखर कितीला पडतो ते मांडू. पार्ट्स २,१०० धरले. त्यावर असेंब्ली आणि टेस्टिंगची मजुरी २२० रुपये. खोका, वायरचे तुकडे, छापील माहितीपत्रक ९०. वाहतूक ७०. असेंब्लीत आणि टेस्टिंगमध्ये बाद होणारे बोर्ड, म्हणजे सेटमागे अंदाजे ६५. वॉरंटीत परत येणाऱ्यांसाठी बाजूला ठेवायचे किमान १००. पहिल्या वर्षाचं सिम आणि सर्व्हर तुमच्याकडून असेल तर १५५. बेरीज २,८००. काही आकडे तुमच्याकडे थोडे वेगळे असतील, पण एकूण यापेक्षा फार खाली येणार नाही. म्हणजे शेतकऱ्याला थेट विकलेल्या सेटमागे १,५०० नाही, ८०० उरतात. डीलरला २० टक्के दिले की हातात येतात २,८८०. उरले ८०.

आता हेच ५०० सेटना लावा. अडकणार १४ लाख, उरणार ४० हजार. पैसे किती दिवस अडकतील? मायक्रोकंट्रोलर (बोर्डची मुख्य चिप) आणि जीएसएम मॉड्यूल, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मॉडेम, आगाऊ पैसे भरून मागवलं की हातात यायला साधारण पाच आठवडे. असेंब्लीवाल्याच्या रांगेत पंधरा दिवस, टेस्टिंग आणि पॅकिंगला दहा दिवस. मग डीलरची ६० दिवसांची उधारी, जी कृषी-सेवा बाजारात सहज ९० होते, कारण त्यालाही शेतकऱ्याकडून पैसे माल निघाल्यावर मिळतात. बेरीज १५० दिवस. वर्षात पैसा जेमतेम अडीच वेळा फिरेल, दर फेरीला तीन टक्क्यांहून कमी घेऊन येईल. वर्षाचा हिशेब सुमारे ७ टक्के. कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं, व्याजच याहून जास्त असतं. शिवाय बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, डीलरने पैसे दिले असोत वा नसोत. १४ लाख ४० हजारांच्या बिलावर १८ टक्क्यांनी २ लाख ५९ हजार, त्यातून पार्ट्सवर भरलेल्याचं १ लाख ८९ हजारांचं क्रेडिट वजा केलं तरी सुमारे ७० हजार स्वतःच्या खिशातून.

दीड कोटी घेतले तरी हा हिशेब बदलत नाही. फक्त तो तुम्हाला जाणवायला दोन वर्षं जास्त लागतील, आणि तोवर वीस माणसं कामाला असतील. म्हणून या अटींवर ही ऑर्डर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डीलरला सांगा: पहिले १०० सेट, ४० टक्के आगाऊ, बाकी माल उचलताना, मार्जिन १२ टक्के. वस्तूंच्या विक्रीत आगाऊ रकमेवर जीएसटी लगेच भरावा लागत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून ही सवलत आहे, त्यामुळे आगाऊ घेतलेले ४० टक्के पूर्ण तुमच्या पार्ट्सच्या कामी येतात. तो नाही म्हणाला तर सोडून द्या. बहुतेक नाहीच म्हणेल.

मग वाढायचं कसं? इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, ते आधी कबूल करतो. कुणी वैद्यकीय उपकरण बनवत असेल, जिथे पहिला नग विकण्याआधी चाचण्यांवरच कोटी खर्च होतात, किंवा बॅटरीचे सेल बनवत असेल, तर स्वतःच्या पैशावर वाढ हा सल्ला मी देणार नाही. तिथे मोठं भांडवल लागतंच. तुमचा बोर्ड मात्र आज चालतोय, लोक पैसे देऊन घेताहेत, आणि १०० नगांचा लॉट ३ लाखांच्या आत निघतो. अशा धंद्याला ग्राहकाच्या पैशावर वाढता येतं, अट एवढीच की ग्राहक नीट निवडला पाहिजे.

तुम्ही शेतकऱ्याला जे विकताय त्याची किंमत कमी लावली आहे असं मला वाटतं. मोबाइलवरून पंप चालू होतो ही गंमत पहिल्या आठवड्याची. शेतीला थ्री-फेज वीज आलटून-पालटून कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास मिळते, म्हणून रात्री विहिरीवर जाणं टळतं, हे खरं. पण वीज आली की पंप आपोआप चालू करणारा साधा ऑटो स्विच हे काम फार स्वस्तात करतो, आणि शेतकरी तुमच्या सेटची तुलना त्याच्याशीच करणार. त्याचा खरा खर्च मोटार जळण्यात आहे. एक फेज गेला, विहिरीचं पाणी संपलं, व्होल्टेज ३५० च्या खाली गेलं आणि मोटार चालत राहिली, की रिवायंडिंगचे काही हजार, बोअरमधून मोटार वर काढायची मजुरी वेगळी, आणि पाण्याविना चार दिवस. द्राक्षाच्या बागेला ऐन मण्याच्या फुगवणीत ते चार दिवस किती महागात जातात हे निफाडकरांना मी सांगायला नको. तुमच्या बोर्डवर करंट मोजायला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) घाला, कोरडी मोटार आणि सिंगल फेजिंग (एक फेज गेलेला) ओळखून बंद करणारं सॉफ्टवेअर नीट करा. खर्च शंभरेक रुपयांनी वाढून २,९०० होईल. मग हा सेट ४,२०० ला विका, दोन वर्षांच्या वॉरंटीवर.

आणि विकायचा कुणामार्फत? डीलरच्या काउंटरवरून नाही. तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंग करणारे जे दोन-चार जण असतात, त्यांच्यामार्फत. जळलेली मोटार घेऊन शेतकरी तिथेच येतो, आणि त्या क्षणी 'पुन्हा जळू नये म्हणून काय करू' हा प्रश्न तोच विचारतो. रिवायंडिंगवाल्याचा शब्द शेतकरी मानतो. त्याला सेटमागे ५०० रुपये द्या, त्यात बसवणं आणि पहिली दुरुस्ती त्याची. ४,२०० मधून ५०० आणि २,९०० गेले की ८०० उरतात, म्हणजे थेट विक्रीइतकेच, पण तुमची फटफटी आणि दिवस वाचतो. तो महिन्याला पाच-सहा सेट नेतो, रोख नेतो. असे आठ-दहा जण जोडायला एक हंगाम जातो. काही जण सुरुवातीला टाळतील, कारण मोटारी जळणं हाच त्यांचा धंदा आहे. पण जुन्या आणि मोठ्या कारागिरांकडे काम इतकं असतं की त्यांना ही अडचण वाटत नाही.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट. शेतकरी हा तुमचा पहिला ग्राहक असू नये. तुमचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पाऊस लागला की विक्री थंडावते आणि त्याच वेळी पहिल्या वळवाच्या विजांनी मेलेले बोर्ड परत येऊ लागतात. म्हणजे जूनमध्ये आवक नाही आणि खर्च सर्वांत जास्त. हे चार महिने ६ लाखांतून काढायचे तर लॉटसाठी उरणार काय?

हाच बोर्ड नाशिक शहरातल्या सोसायट्यांना द्या. खालची टाकी, वरची टाकी, दोन पंप, आणि वॉचमन पंप बंद करायला विसरला म्हणून गच्चीवरून वाहणारं पाणी. तिथे कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि पॅनेलच्या खोक्यासह बसवून ९,५०० मिळतात, खर्च ५,२०० च्या आसपास. एका सोसायटीत उरलेले ४,३०० हे पाच शेतकऱ्यांच्या सेटांहून जास्त आहेत. कामाच्या ऑर्डरबरोबर ५० टक्के आगाऊ द्यायची तिथे सवय आहे, बाकीचा चेक कमिटीच्या सही-शिक्क्याला लागतील तेवढ्या दिवसांत येतो. पावसाळ्यातही काम चालू राहतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये दोन तास बसून 'याची गॅरंटी काय' हा प्रश्न पाच वेगवेगळ्या तोंडांनी ऐकावा लागतो, ती त्यातली किंमत. ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याच्या पंपांनाही हेच लागतं, पण तिथलं बिल निघायला किती वेळ लागतो ते आधी दोन ठेकेदारांना विचारा आणि मगच हात घाला.

लॉट छोटा ठेवा. १०० सेट, २ लाख ९० हजार, पार्ट्सपासून वसुलीपर्यंत ६० दिवस, असं वर्षात सहा वेळा जमलं तर ६०० सेट होतात आणि ४ लाख ८० हजार उरतात. तीस सोसायट्यांचे आणखी १ लाख २९ हजार. एकूण सहा लाखांच्या थोडं वर. यात दोघांचे पगार निघत नाहीत, हे मी लपवणार नाही. पहिली दोन वर्षं घर चालवायला दुसरं काही लागेल, आणि ते बहुतेक जॉबवर्क असेल: कुणाच्या तरी मशीनसाठी कंट्रोल बोर्ड डिझाइन करून देणं. यात कमीपणा मानू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवत चालवतच कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर केला, आणि तो नांगर सुरुवातीला कुणी घेत नव्हतं. जॉबवर्कचा धोका एवढाच की ते सगळा वेळ खातं. मी पाळलेला नियम असा: दोघांपैकी एकानेच ते करायचं, आणि शक्यतो असं काम घ्यायचं ज्यातला एखादा भाग, पॉवर सप्लाय असो वा मॉडेमचं सॉफ्टवेअर, आपल्या स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये वापरता येईल. डिझाइनचा हक्क कुणाचा, हे आधी लिहून घ्यायचं.

पैसा अडकवणाऱ्या आणखी दोन जागा आहेत, साचा आणि स्टॉक.

साच्याचा मोह सगळ्यांना होतो. स्वतःच्या नावाचं प्लास्टिकचं देखणं खोकं. साच्याला समजा ४ लाख लागले, तर ५०० सेटवर तो सेटमागे ८०० रुपये पडतो, म्हणजे तुमचा सगळा नफा. ५,००० सेटवर ८० पडतो. तोवर बाजारात मिळणारं तयार वॉटरप्रूफ खोकं घ्या, भोकं पाडायला एक चांगला जिग करून घ्या, वर छापील स्टिकर लावा. शेतकऱ्याला आणि सोसायटीला ते चालतं. आणि पहिल्या हजार सेटांत तुम्ही बोर्डचा आकार दोनदा तरी बदलणार आहात. सीटी घातल्यावर एकदा, मॉडेम बदलताना पुन्हा.

मॉडेमचं म्हणाल तर तुमच्या सेटमध्ये २जी मॉड्यूल आहे असं किमतीवरून दिसतं. जिओचं नेटवर्क सुरूच ४जीवर झालं, २जी त्यांच्याकडे नाही, तिथे ते चालणार नाही, आणि बाकीच्या कंपन्या २जी किती वर्षं ठेवतील याचा भरवसा तुमच्या दोन वर्षांच्या वॉरंटीला नको. ४जी कॅट-१ ची, म्हणजे कमी वेगाची ४जी मॉड्यूल आता सहज मिळतात, त्यातली काही २जीवरही उतरतात. महाग आहेत. पण हा बदल आत्ता १४० सेट बाहेर असताना करणं सोपं, २,००० असताना नाही. म्हणूनच एकदम ५०० सेटची मॉड्यूल घेऊन ठेवणं मला आणखी जोखमीचं वाटतं.

स्टॉकबद्दल सरसकट नियम नाही. रेझिस्टर-कपॅसिटरची अख्खी रीळं घ्या, त्यांची किंमत नगण्य आहे. कनेक्टर, रिले, खोकी लॉटपुरतीच. मायक्रोकंट्रोलर आणि मॉडेम मात्र एक लॉट जास्तीचा कपाटात असू द्या. २०२१ साली जगभर चिपांचा तुटवडा होता तेव्हा एसटीएम३२ सारखे रोजचे मायक्रोकंट्रोलर वर्षभर मिळत नव्हते आणि बाहेरच्या बाजारात कित्येक पट भावाने विकले जात होते. ज्यांच्या बोर्डवर त्याच पायांचा दुसऱ्या कंपनीचा जीडी३२ बसत होता आणि ज्यांनी सॉफ्टवेअर त्यावर आधीच चालवून पाहिलं होतं, त्यांचा माल निघत राहिला. पर्यायी पार्ट कागदावर लिहून उपयोग नाही, तो बोर्डवर लावून दोन महिने चालवलेला असला पाहिजे.

जास्त पैसा ओतून चुकीचा माल साठवता येतो, याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण पेबल या स्मार्टवॉचचं आहे. २०१२ साली किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, त्यांना १ कोटी डॉलरहून जास्त आगाऊ मागणी मिळाली, पुढे व्हेंचर कॅपिटलही मिळालं. २०१५ मध्ये विक्री अंदाजापेक्षा कमी झाली, माल अंगावर पडला, आणि २०१६ च्या शेवटी कंपनी बंद होऊन तिचं सॉफ्टवेअर आणि हक्क फिटनेस बँड बनवणाऱ्या फिटबिटला विकले गेले. त्याच संस्थापकाने २०२५ मध्ये पुन्हा तशीच घड्याळं काढली, पण या वेळी मोजकी माणसं, स्वतःचे पैसे आणि वेबसाइटवर आगाऊ नोंदणी, एवढ्यावरच. भांडवलाचा अनुभव दोन्ही बाजूंनी घेतलेल्या माणसाने दुसऱ्यांदा हा रस्ता धरला, म्हणून मला ते सांगण्यासारखं वाटतं. प्रत्येकाने तेच करावं असं त्यातून निघत नाही.

आता कर्ज. हिस्सा द्यायचा नाही म्हणजे बाहेरचा पैसा अजिबात नको असं नाही. तुम्हाला लागेल ते खेळतं भांडवल, मुदतीचं कर्ज नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) अजून नसेल तर आजच करा, ती फुकट आहे आणि पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका नायक समितीचं सूत्र वापरतात: पुढच्या वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के तुमचे. वर मांडलेल्या ६०० सेट आणि ३० सोसायट्यांची उलाढाल, रिवायंडिंगवाल्याचे पैसे वजा करून, २५ लाखांच्या आसपास जाते, म्हणजे ५ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मागता येते. सूक्ष्म उद्योगाकडून एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी योजनेची हमी तर त्याच्या कितीतरी वरपर्यंत जाते. तरीही मॅनेजर तारण म्हणून एखाद्या नातेवाइकाच्या घराचे कागद मागेल. तेव्हा वाद न घालता हमी योजनेत प्रस्ताव टाकायला लेखी सांगा, आणि नाहीच जमलं तर दुसरी शाखा गाठा. शाखेगणिक फरक पडतो. एक लक्षात असू द्या: मर्यादा मंजूर झाली तरी उचल मिळते ती स्टॉक आणि वसुलीच्या यादीवर, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी बँक सहसा त्यात धरत नाही. त्या डीलरची उधारी नेमकी तिथेच पोचली असती.

कायद्याने तर ती ६० दिवसांची अट टिकतच नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाहीत. माझ्या अनुभवात तक्रारीपेक्षा हे जास्त चालतं. मार्च जवळ आला की खरेदीदाराचा सीए स्वतःच थकलेल्या बिलांची यादी मागतो. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. तक्रार मात्र पुन्हा माल विकायचा नसेल अशाच गिऱ्हाइकावर करा.

अनुदानाबद्दल फार बोलत नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत देते, पुण्यात एनसीएलच्या परिसरातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईतलं साइन अशा, नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेशन केंद्रांमध्ये चौकशी करा. ४जीचा बोर्ड आणि सीटीचं काम त्यातून झालं तर उत्तम. पैसे हप्त्यांनी येतात, आपल्या वेळेला येत नाहीत, म्हणून पगार आणि लॉट त्यावर लावू नका.

गुंतवणूकदाराबद्दल. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण दीड कोटींना २० टक्के म्हणजे त्याने तुमच्या कंपनीची किंमत साडेसात कोटी धरली, आणि फंड असेल तर त्यालाही ठरलेल्या वर्षांत पैसे परत करायचे असतात. त्याला तुमची कंपनी सात-आठ वर्षांत कित्येक पट मोठी झालेली किंवा विकलेली हवी. वर्षाला ३,००० सेट, पाच माणसं, दोघांना बरा पगार आणि शिल्लक, हे तुमच्या दृष्टीने यश असेल, त्याच्या दृष्टीने ते अडकलेले पैसे आहेत. दोघांनी आधी एकमेकांना विचारा की नक्की काय हवंय. दोघांची उत्तरं वेगळी आली तर ते आत्ताच कळलेलं बरं.

आणखी एक जोखीम, जिच्याबद्दल प्रश्नात काही नव्हतं. महाराष्ट्रात शेतीपंप वेगाने सौरऊर्जेकडे चाललेत. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेतल्या पंपाला त्याचा स्वतःचा कंट्रोलर येतो, तुमच्या सेटला तिथे जागा नाही. शिवाय सौर फीडरमुळे, म्हणजे सौर प्रकल्पाच्या विजेवर चालणाऱ्या शेतीच्या वीजवाहिनीमुळे, दिवसा वीज मिळू लागली की रात्री विहिरीवर जाण्याचा त्रासच उरत नाही. म्हणून मी मोटारीच्या संरक्षणावर भर द्यायला सांगतोय, आणि म्हणूनच सोसायट्या. पाच वर्षांनी शेतीतली मागणी निम्मी झाली तरी बोर्ड चालला पाहिजे.

थोडक्यात क्रम सांगायचा तर: डीलरला नवी अट, सीटी आणि ४जीचा नवा बोर्ड, पहिल्या दहा सोसायट्या, मग रिवायंडिंगवाले, आणि वर्षाचा ताळेबंद हातात आल्यावर बँक. हा क्रम उलटा केला तर बँक दारात उभं करणार नाही.

एक माहिती मात्र तुमच्या प्रश्नात नाही, आणि माझं अर्धं उत्तर तिच्यावर टेकलेलं आहे. १४० पैकी किती सेट परत आले आणि कशाने? मी वॉरंटीसाठी १०० रुपये धरले ते शंभरात आठ सेट परत येतील आणि एकेकाला बाराशेच्या आसपास खर्च होईल असं समजून. विजेने मेलेले, ओल धरलेले, आत मुंग्या आणि पाली शिरून शॉर्ट झालेले, आणि नुसतं सिमचं रिचार्ज संपलेलं असताना 'बंद पडला' म्हणून आलेले, असे चार गट करा आणि आकडे कळवा. पहिल्या तीन गटांची बेरीज वीसच्या वर असेल तर नवा लॉट थांबवा. आधी इनपुटला विजेचा झटका अडवणारे एमओव्ही आणि गॅस ट्यूब, बोर्डवर कोटिंग, खोक्याच्या केबल ग्लँडना (वायर आत जाते त्या तोंडांना) नीट रबर, एवढं करून वीस सेट एका पावसाळ्यातून काढा. किमतीचं आणि बँकेचं त्यानंतर बोलू.